एक धोरण की एक छप्पर? फ्रेंच अराज्यवाद्यांची 1953 ची फूट

फ्रान्सचं अराज्यवादी फेडरेशन, म्हणजे राज्यसत्ताच नको म्हणणाऱ्यांची संघटना, 1953 मध्ये फुटलं, ते संघटना कशी असावी यावरून.

फेडरेशनमधले एक नेते जॉर्ज फोंतेनी यांना एक विचार, एक धोरण आणि शिस्त हवी होती. पॅरिसमध्ये निर्वासित म्हणून राहणाऱ्या माख्नो आणि आर्शिनोव्ह या युक्रेन-रशियातल्या अराज्यवाद्यांच्या गटाने 1926 मध्ये हेच मांडलं होतं. पण फोंतेनींनी फेडरेशनचा ताबा घेतला तो 1950 पासून आत चालवलेल्या गुप्त गटाच्या जोरावर, आणि मला तेच सर्वांत खुपतं. सत्ता नाकारणाऱ्यांनी ती अशी मिळवावी? तरी तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात असलेल्या अल्जीरियाच्या स्वातंत्र्याची बाजू त्यांनी उघड घेतली, हे धैर्य मोठं. त्यांच्या ‘ल लिबेर्तेर’ या पत्राचे अंक जप्त झाले, खटले, दंड झाले, काही वर्षांतच फोंतेनींची संघटना संपली.

फुटीतल्या दुसऱ्या बाजूने, म्हणजे मोरिस ज्वायो आणि सोबत्यांनी, फेडरेशन पुन्हा उभं केलं, जुने फ्रेंच अराज्यवादी सेबास्त्यां फोर यांच्या वाटेने: व्यक्तिवादी, कामगार संघटनावाले, साम्यवादी, सगळ्या छटांचे अराज्यवादी एकाच छपराखाली. निर्णय एकमताने, म्हणून गाडी संथ. पण ती आजही चालू आहे. 1981 मध्ये त्यांनी रेडिओ केंद्र काढलं. 1983 च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी आत घुसून यंत्रं उचलून नेली. सप्टेंबरमध्ये पॅरिसच्या रस्त्यावर मोर्चा निघाला, आणि केंद्र पुन्हा बोलू लागलं.

मी असतो तर ज्वायोंबरोबर गेलो असतो.