बुद्धिबळ सुधारायचंय, मग पुस्तक घ्यावं की व्हिडिओ बघावेत?

ऑफिसमधल्या एका मित्राने परवा विचारलं, ऑनलाइन रॅपिडला, म्हणजे कमी वेळेच्या डावांत, रेटिंग (खेळाची ताकद मोजणारा आकडा) १२०० च्या आसपास अडकलंय, वर्षभराचा व्हिडिओ कोर्स घेऊ की तेवढ्याच पैशात दोन-चार पुस्तकं घेऊ? फोनवर घाईघाईत काहीतरी सांगितलं पण माझंच समाधान झालं नाही, म्हणून सविस्तर लिहून काढलं. मी दोन्ही केलंय. आधी जवळपास दीड वर्ष नुसते व्हिडिओ आणि त्यानंतरची दोन वर्षं मुख्यतः पुस्तकं.

व्हिडिओंचं चांगलं ते आधी सांगतो, कारण ते खरंच खूप चांगलं आहे. तगडा खेळाडू खेळताना मनात काय बोलतो हे पुस्तकात कधीच पूर्ण उतरत नाही. अमेरिकन ग्रँडमास्टर डॅनियल नारोडित्स्कीच्या स्पीडरनचे व्हिडिओ बघा, खालच्या रेटिंगपासून सुरुवात करून तो वर वर जात राहतो आणि प्रत्येक चालीला समोरचा काय करू बघतोय, आपल्याला कशाची भीती आहे, हे मोठ्याने बोलत राहतो, आणि डाव संपला की परत पहिल्यापासून समजावून सांगतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो अवघ्या २९ व्या वर्षी गेला, फार वाईट वाटलं, पण त्याने मागे ठेवलेलं शिकवणं अजून तसंच उपयोगी आहे आणि फुकट आहे.

ओपनिंगसाठी, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींसाठी, तर मी अजूनही व्हिडिओच बघतो. कॅरो-कान या काळ्याच्या ओपनिंगमध्ये पांढऱ्या घरांवरचा उंट आधी बाहेर काढायचा आणि मगच ई६ (राजासमोरचं प्यादं एक घर पुढे) करायचं, नाहीतर तो प्याद्यांच्या मागे कोंडला जातो, हे दोन मिनिटांत कळलं आणि कायमचं बसलं. ओपनिंगची पुस्तकं उघडली की पानभर नुसत्या उपचाली, त्यातली कुठली आपल्या लेव्हलला कधी येणार हेच समजत नाही. शिवाय हिंदीत भरपूर व्हिडिओ आहेत, इंग्रजी वाचायचा कंटाळा असणाऱ्याला किंवा लहान मुलांना ते सोपं पडतं. आणि मोठ्या स्पर्धा बघायची मजा तर पुस्तकात मिळणारच नाही. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला बरोबरीनंतरच्या रॅपिड टायब्रेकमध्ये हरवून महिला वर्ल्ड कप घेतला आणि तिथेच ती ग्रँडमास्टर झाली, ते मी आणि माझ्या मुलीने लाइव्ह बघितलं आणि त्यानंतर आठवडाभर तिने रोज स्वतःहून पट मांडला. हे काम पुस्तक करत नाही.

आता मला खुपलं ते. व्हिडिओ थांबत नाही. शिकवणारा म्हणतो की इथे पॉज करा आणि चाल शोधा, आणि चार सेकंदांत स्वतःच सांगून मोकळा होतो. दर वेळी प्रामाणिकपणे पॉज करणारे लोक असतीलही, मला ते जमलं नाही, रात्री जेवण झाल्यावर फोन हातात घेऊन बसलं की हात तिकडे जातच नाही. त्यात बाजूला ती इव्हॅल्युएशनची पट्टी, म्हणजे कोण किती पुढे आहे ते दाखवणारी. ती एकदम वर उडाली की न बघताच कळतं की इथे काहीतरी आहे, मग डोकं फक्त शह आणि घोड्याचे फोर्क (एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर हल्ला) शोधतं आणि सापडलं की आपल्यालाच सुचलं असं वाटतं. खऱ्या डावात तर कोणीच सांगत नाही की आता थांब, इथे काहीतरी आहे. तेच तर शिकायचं असतं ना! २०२४ मध्ये विश्वविजेता झालेल्या गुकेशला त्याचे कोच विष्णू प्रसन्ना यांनी सुरुवातीची कितीतरी वर्षं इंजिनपासून (चाली सुचवणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमपासून) लांब ठेवलं होतं हे वाचलं तेव्हा आधी विश्वास बसला नव्हता, पण नंतर स्वतःच्या अनुभवावरून पटलं.

माझा अनुभव असा, एका वीकेंडच्या रेटिंग स्पर्धेत समोर शाळेतला मुलगा होता. चार तास खेळून हत्ती-प्याद्याच्या एंडगेमला, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्याला, आलो, त्याच्याकडे एफ फाईलमधलं (उभ्या रांगेतलं) एक प्यादं जास्त, माझा राजा प्याद्याच्या समोर. म्हणजे सरळ फिलिडोर नावाची प्रसिद्ध पोझिशन, नीट खेळलं तर बरोबरी ठरलेली. या विषयावरचा व्हिडिओ मी दोनदा बघितला होता, नाव आठवलं, शिकवणाऱ्याचा आवाजसुद्धा आठवला, पण हत्ती कुठे ठेवायचा ते आठवेना. मी तो भीतीने मागच्या ओळीत राजाजवळ नेला आणि हरलो. करायचं होतं एवढंच की आपल्या बाजूने तिसऱ्या आडव्या ओळीत हत्ती ठेवून समोरच्या राजाला पुढे येऊ द्यायचं नाही, त्याने प्यादं त्या ओळीत ढकललं की हत्ती पार पलीकडच्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचे, कारण आता त्याच्या राजाला लपायला आडोसा उरलेला नसतो. परत येताना लोकलमध्ये तो व्हिडिओ शोधत बसलो, कुठल्या व्हिडिओच्या कितव्या मिनिटाला आहे तेही सापडलं नाही.

त्याच आठवड्यात अमेरिकन लेखक जेरेमी सिलमनचं एंडगेमचं पुस्तक मागवलं. त्याची रचना मला फार आवडली, धडे रेटिंगप्रमाणे लावलेत, म्हणजे तुमच्या लेव्हलपुरतं वाचा आणि पुस्तक बंद करा, उरलेलं नंतर. फिलिडोरचं पान उघडून पट मांडला, मुलीला प्यादंवाली बाजू दिली आणि तीन संध्याकाळी तेच खेळलो. पहिल्या दिवशी दोनदा हरलो, तिसऱ्या दिवशी एकदाही नाही. आता ती पोझिशन झोपेतून उठवून विचारली तरी धरता येईल असं वाटतं. पुस्तकातली आकृती नुसती समोर असते, उत्तर खाली किंवा पुढच्या पानावर, आणि पान उलटायचा आळस व्हिडिओच्या बरोबर उलटा उपयोगी पडतो, उलटायच्या आधी माणूस जरा विचार करतो.

दुसरं अर्व्हिंग चेर्नेव्हचं 'लॉजिकल चेस' हे जुनं पुस्तक, १९५७ चं, त्यात ३३ डाव आहेत आणि प्रत्येक चालीवर लिहिलंय, अगदी पहिल्या ई४ वरसुद्धा. तेच तेच परत सांगितलंय अशी तक्रार लोक करतात, ती खोटी नाही, पण मला त्या परत सांगण्याचाच फायदा झाला. टॅक्टिक्ससाठी (डावपेचांच्या सरावासाठी) लास्लो पोल्गारचा तो ५३३४ पोझिशनचा ठोकळा आहे, पहिल्या ३०६ एका चालीत मातच्या आणि नंतर दोन चालींत मातच्या ३४१२. तो मात्र अगदी घ्यायलाच हवा असं मी म्हणणार नाही, लिचेस या वेबसाइटवरची पझल्स फुकट आहेत आणि बसमध्ये उभ्याने सोडवता येतात.

पुस्तकांचे त्रास आहेतच. पट मांडायला जागा आणि सलग तासभर वेळ लागतो, लहान मूल असलेल्या घरात तो मिळत नाही हे मला मान्य आहे. जुन्या बाजारातलं पुस्तक घेणार असाल तर आधी आत उघडून बघा, कधीकधी चाल पी-के४ अशी लिहिणारी जुनी लिपी निघते आणि प्रत्येक चाल मनात भाषांतर करत बसावं लागतं. आणि 'पण मी इथे घोडा खाल्ला असता तर?' असा प्रश्न पडला तर पुस्तक गप्प. तेव्हा मी तो डाव लिचेसच्या स्टडीत (डाव साठवून तपासायच्या जागेत) टाकतो, आधी माझं उत्तर लिहितो आणि मगच इंजिन चालू करतो.

माझ्या मित्राला मी काय सांगेन? रोज अर्धाच तास मिळत असेल आणि तोही फोनवर, तर कोर्सही वाईट नाही, फक्त पट्टी बंद करता येते का बघ आणि समोर पट मांडून बस. पण आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर काढता येत असेल तर मी कोर्सचे पैसे भरणार नाही. एंडगेमचं एक पुस्तक आणि डावांचं एक पुस्तक, एवढंच घे. ओपनिंग आणि स्पर्धा फुकटच्या व्हिडिओंवर बघ. तुला वेगळा अनुभव येऊ शकतो, ऐकून लक्षात राहणारे लोक असतात, माझा एक पार्टनर तसाच आहे. आणि घरात नीट पट नसेल तर पुस्तकाच्या आधी तो घे, गुंडाळून ठेवायचा व्हिनाइलचा आणि जड सोंगट्यांचा, म्हणजे जेवणाच्या टेबलावर मांडता येतो आणि पाहुणे आले की उचलता येतो.