चाकातली घरघर, दोन बेअरिंग आणि वॉरंटीचं जॉब कार्ड : चौदा महिन्यांचा अनुभव

गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग (चाक ज्या छर्ऱ्यांवर फिरतं तो भाग) चार महिन्यांत दोनदा बदलावं लागलं, दोन्ही वेळा वॉरंटीत झालं, आणि दुसऱ्यांदा बदललं त्याला आता दहा महिने होऊन गेले, साधारण 16,000 किमी झालेत, गाडी एकदम शांत आहे. मुद्दाम थांबून लिहितोय, कारण पहिल्यांदा बदललं तेव्हापण सुरुवातीला सगळं छानच वाटत होतं.

आवाज पहिल्यांदा जाणवला तेव्हा गाडी अडीच वर्षांची होती, 41,000 किमी. पन्नासच्या पुढे गेलं की बारीक घूं घूं सुरू व्हायची, सत्तर-ऐंशीला पार लांबून पिठाची गिरणी ऐकू यावी तशी घरघर. आधी वाटलं रस्ता खडबडीत असेल, मग वाटलं टायर असतील, काचा बंद करून गाणी लावली की ऐकूच यायचं नाही त्यामुळे पंधरा दिवस तसेच गेले. मग एका मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या स्पीडला गाडी न्यूट्रलला टाकून बघितली, इंजिनचा आवाज खाली आला पण घरघर तशीच, आणि स्पीड उतरेल तशी ती उतरत गेली. म्हणजे इंजिन नाही, गिअरबॉक्स असण्याची शक्यताही कमी, जे काही आहे ते चाकाबरोबर फिरतंय.

टायर की बेअरिंग हे ओळखणं मात्र खरंच अवघड असतं. टायर उंच-सखल झिजले की अगदी असाच आवाज करतात, त्यामुळे कुणी चटकन टायरवर ढकललं तर त्याला लगेच खोटारडा म्हणू नका. मी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून घेतले. टायरचा दोष असता तर आवाज मागे गेला असता नाहीतर बदलला तरी असता, तो जागेवरच राहिला. अजून एक फरक म्हणजे टायरचा आवाज डांबरावर वेगळा, काँक्रीटवर वेगळा येतो, बेअरिंगला रस्त्याशी फारसं देणंघेणं नसतं.

आणि मग स्टिअरिंगची टेस्ट, जी मला सगळ्यात पटली. रिकाम्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नाही हे बघून, साठ-सत्तरला गाडी हलकीच उजवीकडे घ्यायची आणि मग डावीकडे. उजवीकडे वळलं की गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो, त्यामुळे डावं बेअरिंग खराब असेल तर बहुतेक वेळा आवाज वाढतो, आणि डावीकडे घेतली की कमी होतो. माझ्या गाडीत डावीकडे घेतलं की आवाज जवळजवळ गायब व्हायचा. एकदम फुल स्टिअरिंग वळवून हळू चालवताना कट कट कट असा आवाज येत असेल तर ते वेगळं दुखणं, तिथं बहुतेक ड्राइव्हशाफ्टचा, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा, जॉइंट असतो.

आता सर्व्हिस सेंटरचं. पहिल्या वेळी ॲडव्हायझरने गाडी चाळीसच्या स्पीडने जवळच्या जवळ फिरवून आणली आणि म्हणाला, ‘सर, टायरचा आवाज आहे, नॉर्मल आहे.’ मी ऐकून परत आलो. घरी येऊन जॉब कार्ड (आपली तक्रार आणि काम लिहिलेला सर्व्हिस सेंटरचा कागद) वाचलं तर तक्रारीच्या रकान्यात फक्त ‘जनरल चेकअप’ लिहिलेलं, आवाजाचा उल्लेखच नाही! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की कागदाच्या हिशोबाने माझ्या गाडीला आवाज आलेलाच नाही. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किमी, जे आधी होईल ते, आणि त्यातले जेमतेम पाच महिने उरलेले.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा गाडीची चावी द्यायच्या आधी वाक्य लिहून घेतलं: ‘डाव्या पुढच्या चाकातून 50 च्या पुढे घरघर, उजवीकडे वळताना वाढते’, खाली तारीख आणि किलोमीटर. आणि टेक्निशियनला बरोबर बसवूनच ड्राइव्हला नेलं. ऐंशीला गाडी नेली, उजवीकडे हलकी घेतली, त्याने मान हलवली. पाचच मिनिटं लागली.

वर्कशॉपमध्ये लिफ्टवर घेतल्यावर त्याने आधी चाक वरखाली धरून हलवून बघितलं, म्हणजे घड्याळात बारा आणि सहा असतात तिथं धरून. काहीच प्ले, म्हणजे ढिलेपणा, नव्हता. बऱ्याच ठिकाणी इथंच तपासणी संपते, ‘चाक हलत नाही, बेअरिंग ओके’ म्हणून. पण प्ले यायला बेअरिंग बरंच खराब व्हावं लागतं, आवाज त्याच्या खूप आधी येतो. त्या टेक्निशियनने चाक हाताने जोरात फिरवलं आणि मला म्हणाला, ‘साहेब, या स्प्रिंगवर हात ठेवा.’ सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर बोटं टेकवली तर आत बारीक खरखर, वाळू चाळताना चाळणीला हात लागावा तशी. मग उजव्या बाजूला तेच केलं, तिथं काहीच नाही, गुळगुळीत. कुणाला शंका असेल तर हे नक्की करून बघा, पण गाडी नीट स्टँडवर असताना, नुसत्या जॅकवर नाही.

मग वॉरंटीचा माणूस आला, त्याने रिमचे फोटो काढले, आतल्या कडेपासून सगळीकडे टॉर्च मारून बघितलं. कारण बेअरिंगमधला दोष वॉरंटीत बसतो पण खड्ड्यात आपटून, फुटपाथला धडकून किंवा पाण्यात बुडून खराब झालं तर ते ‘बाहेरचं नुकसान’ म्हणून नाकारलं जातं. माझा रिम सरळ होता, अलाइनमेंटचे जुने रिपोर्ट ठेवले होते तेही दाखवले. सहा दिवसांनी मंजुरी आली. तेव्हा 43,000 किमी झाले होते.

जुनं बेअरिंग काढताना मी तिथंच उभा होतो. माझ्या गाडीत ते नकलमध्ये (सस्पेन्शनचा चाक धरून ठेवणारा धातूचा भाग) प्रेसने दाबून बसवलेलं असतं. काही गाड्यांत हब (ज्याला चाक बोल्टने लागतं तो मधला भाग) आणि बेअरिंग मिळून एकच पीस बोल्टने लावलेला असतो, ते काम बरंच सोपं. हब बाहेर ओढला तर बेअरिंगची आतली एक रिंग हबलाच चिकटून आली, ती वेगळ्या पुलरने काढावी लागली. आतलं ग्रीस मऊ आणि चिकट असायला हवं, इथं ते गंजाच्या पाण्यासारखं तांबूस झालेलं, आणि छर्रे ज्या खाचेत फिरतात तिथं धातूचे पापुद्रे निघालेले. म्हणजे सील (बेअरिंगच्या कडेचं, पाणी अडवणारं झाकण) कुठेतरी सुटलं, पाणी आत गेलं आणि मग गंज. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून थेट हबवर मारला तरी पाणी सीलच्या आत शिरू शकतं, तेव्हापासून मी गाडी धुणाऱ्याला चाकाच्या मधोमध फवारा मारू देत नाही.

नवीन बेअरिंग बसलं, तीन महिने शांत. आणि मग परत तोच आवाज, त्याच चाकातून, आधी अगदी बारीक. खरं सांगतो, त्या दिवशी खूप वाईट वाटलं. वॉरंटी संपायला बारा दिवस राहिले होते. माझ्या वॉरंटी बुकमध्ये स्पष्ट लिहिलंय की वॉरंटीत बदललेल्या पार्टला नवीन मुदत मिळत नाही, मूळ वॉरंटी जेवढी उरली असेल तेवढीच. (हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, काही ठिकाणी बदललेल्या पार्टला स्वतःची मुदत असते, तुमच्या बुकमध्ये बघून घ्या.) मी दुसऱ्याच दिवशी सकाळी गेलो आणि सगळ्यात आधी नोंद करून घेतली, तेच वाक्य, तारीख, किलोमीटर, आणि त्यापुढे ‘याच ठिकाणचं बेअरिंग आधी बदललेलं आहे’. त्या दिवशी त्यांच्याकडे गर्दी होती, म्हणाले पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात ड्राइव्ह झाली, मग पार्टची वाट, मग मंजुरीची वाट, आणि या सगळ्यात तीन वर्षं होऊन वर आठ दिवस गेले. काउंटरवरच्या मुलाने सिस्टीममध्ये बघितलं आणि म्हणाला, ‘सर, वॉरंटी एक्सपायर दाखवतंय.’ मी जॉब कार्ड पुढे केलं. मॅनेजरने तारीख बघितली, वर फोन लावला, आणि काम वॉरंटीत झालं. तो एक कागद नसता तर पुढे कितीही भांडलो असतो तरी हातात काही नव्हतं, कारण आवाज ही गोष्ट फोटोत दिसत नाही.

दुसरं बेअरिंग उघडल्यावर जे बघितलं ते अजून डोळ्यासमोर आहे. यावेळी गंज नाही, ग्रीस स्वच्छ. पण आतल्या खाचेत बारीक बारीक खळगे, आणि ते एकमेकांपासून अगदी सारख्या अंतरावर, जितकं अंतर दोन छर्ऱ्यांत असतं तितकंच. तिथल्या वयस्कर मेकॅनिक काकांनी एकच वाक्य सांगितलं, ‘हे चालून नाही खराब झालं, बसवताना झालंय.’ मग त्यांनी समजावलं. बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या रिंगवर द्यायचा, आणि हब बेअरिंगमध्ये दाबताना आतल्या रिंगला खालून आधार द्यायचा. हे उलटं केलं किंवा हातोड्याने ठोकलं तर सगळा जोर छर्ऱ्यांमधून जातो आणि प्रत्येक छर्रा स्वतःचा ठसा उमटवतो. याला ब्रिनेलिंग म्हणतात. स्वीडनच्या योहान आउगुस्ट ब्रिनेल नावाच्या इंजिनियरने 1900 साली धातूची कठीणता मोजायची जी पद्धत मांडली ती हीच, पोलादी गोळी दाबायची आणि खळगा किती पडला ते मोजायचं. माझ्या बेअरिंगवर नकळत तीच टेस्ट झाली होती. जोरात खड्ड्यात आपटलं तरी असे ठसे पडतात, पण ते बहुतेक जिथं भार आला त्या बाजूलाच असतात, माझ्याकडे गोलाकार पूर्ण फेरीभर होते. वॉरंटीत काढलेले पार्ट कंपनीकडे परत जातात त्यामुळे घरी आणता आले नाहीत, फोटो काढून ठेवले.

दुसऱ्यांदा त्या काकांनीच बसवलं, मीच तशी विनंती केली होती. ॲक्सलचा नट नवीन वापरला, जुना परत लावला नाही, आणि शेवटचं टाइट टॉर्क रेंचने (किती जोराने कसतोय ते मोजणारा पाना) केलं, हवेच्या गनने नाही. हे फार महत्त्वाचं आहे, बऱ्याच गाड्यांत हा नट 200 न्यूटन मीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त कसायचा असतो आणि बेअरिंगच्या दोन्ही आतल्या रिंगा त्याच दाबाने एकमेकींना धरून राहतात. नट ढिला असताना गाडीचा भार चाकावर टाकला तर नवं कोरं बेअरिंग तिथंच खराब होऊ शकतं. अजून एक, आजकालच्या बऱ्याच बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरसाठी चुंबकाची रिंग असते, बघायला दोन्ही बाजू जवळपास सारख्याच दिसतात. माझ्या एका मित्राच्या गाडीत बाहेरच्या गॅरेजमध्ये बेअरिंग उलटं बसवलं गेलं, गाडी गेटबाहेर पडेपर्यंत एबीएसचा दिवा लागला, आणि दाबून बसवलेलं बेअरिंग परत काढलं की ते वाया जातं त्यामुळे पुन्हा नवीन आणावं लागलं. बसवायच्या आधी कागदांना लावायची साधी टाचणी लावून बघितली असती, चिकटेल ती बाजू सेन्सरकडे.

एक्स्टेंडेड वॉरंटी मी आता घेतलीये, घ्यायच्या आधी दोन वेगवेगळ्या योजनांचे कागद पूर्ण वाचले. एकात फक्त इंजिन, गिअरबॉक्स आणि त्याच्या आतले पार्ट होते, व्हील बेअरिंगचं नावच नाही. दुसऱ्यात होतं, पण पुढे वाक्य होतं की नुसता आवाज किंवा व्हायब्रेशन म्हणजे बिघाड धरला जाणार नाही. आता बेअरिंगचं दुखणं तर आवाजातूनच कळतं! मी ते लेखी विचारलं, आणि ‘टेक्निशियनच्या तपासणीत बेअरिंग खराब असल्याचं सिद्ध झालं तर कव्हर आहे’ असं ईमेलवर उत्तर आल्यावरच पैसे भरले. तोंडी ‘सगळं कव्हर आहे सर’ यावर जाऊ नका. तपासणीसाठी उघडायची मजुरी कोण देणार हेही विचारा, क्लेम नाकारला गेला तर ती बहुतेक वेळा आपल्यावरच येते.

आणि गाडीला बाहेरचे रुंद अलॉय रिम किंवा स्पेसर (चाक बाहेर सरकवायला मध्ये घालतात ती चकती) लावले असतील तर क्लेमची आशा कमीच ठेवा. चाक जितकं बाहेर सरकतं तितका बेअरिंगवर तिरका जोर वाढतो, आणि छर्ऱ्यांच्या बेअरिंगचं गणित असं आहे की भार दुप्पट झाला तर आयुष्य निम्मं नाही, आठव्या हिश्श्यावर येतं. यात मला कंपनीची बाजू बरोबर वाटते.

आवाज घेऊन तसंच चालवत राहू नका एवढं मात्र कळकळीने सांगतो. पुढे प्ले येतो, डिस्क डगमगायला लागते, ती ब्रेक पॅड मागे ढकलते आणि पेडल एकदम खोल जातं, आणि अगदी टोकाला गेलं तर चाक जाम होणं किंवा निखळणंही होऊ शकतं. गाडीत माणसं बसलेली असतात.

आज गाडी 65,500 किमीवर आहे. उजव्या पुढच्या चाकात अजून फॅक्टरीतलंच बेअरिंग आहे, माझ्या टायरचा घेर 1.9 मीटरच्या आसपास धरला तर ते आत्तापर्यंत जवळपास साडेतीन कोटी वेळा फिरलंय आणि तरी गुळगुळीत आहे. मागच्या आठवड्यात टायर रोटेशनला गाडी वर घेतली होती, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगवर हात ठेवून बघितलं. डावं आणि उजवं, काही फरक लागला नाही.