व्हीक्यूई की फेज एस्टिमेशन?

पदार्थातील इलेक्ट्रॉनांची किमान ऊर्जा क्वांटम संगणकावर काढायची, तर प्रामुख्याने दोन पद्धती समोर येतात: व्हीक्यूई (व्हेरिएशनल क्वांटम आयगनसॉल्व्हर) आणि फेज एस्टिमेशन. 2014 साली मांडल्या गेलेल्या व्हीक्यूईमध्ये क्वांटम संगणक केवळ चाचणी-अवस्था तयार करून तिची ऊर्जा मोजतो आणि त्या अवस्थेतील कोन (ती ठरवणारे, बदलता येणारे आकडे) सुधारण्याचे काम साधा संगणक करतो. त्यामुळे सर्किट, म्हणजे क्वांटम क्रियांची मालिका, आखूड राहते आणि आजच्या सदोष क्युबिटांवरही (क्वांटम संगणकाच्या माहिती-एककांवरही) चालवता येते. हायड्रोजनच्या रेणूला, सर्वांत लहान आधारसंच (इलेक्ट्रॉनांचे वर्णन करणाऱ्या गणिती फलनांचा संच) घेतल्यास, चारच क्युबिट पुरतात. खरी अडचण मोजमापांची आहे: सांख्यिक त्रुटी दहापट कमी करायची असेल तर शंभरपट मोजमापे घ्यावी लागतात, आणि मोठ्या प्रणालीत हा भार, माझ्या मते, पेलण्यापलीकडे जातो.

फेज एस्टिमेशनमध्ये अवस्थेचा फेज (कला) काळानुसार कसा बदलतो यावरून ऊर्जा वाचली जाते, आणि तेवढ्याच सुधारणेसाठी एकूण काम साधारण दहापटच वाढते. मात्र ते लांबलचक सर्किट शेवटपर्यंत बिनचूक चालावे लागते, म्हणजे त्रुटीसुधारणा (क्युबिटांतील चुका चालू असतानाच शोधून दुरुस्त करणे) अटळ ठरते; शिवाय आरंभीची अवस्था खऱ्या किमान-ऊर्जेच्या अवस्थेशी पुरेशी जुळणारी हवी. निकेल ऑक्साइडसारख्या, इलेक्ट्रॉन एकमेकांशी घट्ट गुंतलेल्या पदार्थांसाठी मी तरी याच पद्धतीवर भिस्त ठेवेन.