चार्टर की पब्लिक? आधी झिपकोड बघा

पोरगं पाच वर्षांचं झालं की अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींत हा विषय निघतोच, चार्टरला टाकायचं का घराजवळच्या पब्लिक शाळेत. चार्टर म्हणजे प्रायव्हेट नव्हे हां, फी नाही, पैसा सरकारचाच, फक्त कारभार वेगळी संस्था बघते आणि फॉर्म जास्त आले की लॉटरी. 1991 ला मिनेसोटात कायदा झाला तिथून हे सुरू.

आता मार्कांचं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या संशोधन केंद्राने 2009 ला बघितलं तेव्हा गणितात 17 टक्के चार्टर पब्लिकपेक्षा सरस आणि 37 टक्के चक्क मागे. 2023 च्या रिपोर्टात चित्र पालटलं, चार्टरची मुलं वाचनात 16 आणि गणितात 6 दिवसांच्या शिकण्याइतकी पुढे. आता 180 दिवसांच्या वर्षात 6 दिवस म्हणजे किती, आपल्या गणपतीच्या सुट्टीएवढे.

म्हणून मी ती सरासरी सोडून मॅसॅच्युसेट्सकडे बघतो. तिथे लॉटरी लागलेली आणि न लागलेली मुलं अशी तुलना झालीये, म्हणजे "जागरूक पालकांचीच मुलं चार्टरला जातात" हे म्हणायला जागाच नाही, फॉर्म दोघांनीही भरलेला. बॉस्टनच्या चार्टरमध्ये स्कोअर जोरात वाढले, आणि शहराबाहेरच्या चार्टरमध्ये फायदा नाहीच, कुठे कुठे उलट तोटा. शहरातल्या बऱ्याच चार्टर कडक, दिवस लांब, जादा शिकवणी, आणि शेजारची पब्लिक कमजोर असते, सबर्बात शेजारची पब्लिकच आधीपासून भारी.

आम्ही पण एक शहरातली बघून आलो, पोरं हॉलवेत एका रांगेत, चिडीचूप, शर्ट खोचलेले. बायकोला स्वतःची शाळा आठवली, ती खूश, मला जरा धाकधूकच झाली. नंतर वेटलिस्टला 61 वा नंबर आला, विषय संपला.

तर न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या सबर्बात शाळांसाठीच एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरत असाल तर पब्लिकच, उगाच धावपळ नको. नेवार्क किंवा बॉस्टनमध्ये राहत असाल तर फॉर्म भराच, फुकट आहे. ऑनलाइन चार्टरच्या मात्र वाटेला जाऊ नका, 2015 च्या अभ्यासात तिथली मुलं गणितात 180 दिवस मागे निघाली, म्हणजे अख्खं वर्ष पाण्यात.

आणि शाळा बघायला गेलात की एवढं विचारा, मध्येच सोडून गेलेल्या मुलांच्या जागा भरता का, कारण काही चार्टर वरच्या वर्गात भरत नाहीत आणि मग भिंतीवरचे ते झकास स्कोअर टिकून राहिलेल्या पोरांचेच असतात.