रीजन्सी गाऊनला कुठलं छापील कापड घ्यावं: सांगानेरी, कलमकारी की क्विल्टिंग कॉटन?

रीजन्सी गाऊनचं कापड निवडताना आधी फॉल बघा, म्हणजे कापड अंगावरून खाली कसं पडतं ते, नक्षी नंतर. छातीच्या लगेच खाली कंबर, पुढून सपाट, मागे मधोमध गोळा केलेल्या बारीक चुण्या आणि तिथून पायापर्यंत सरळ सुटलेलं कापड. १८११ ते १८२० च्या इंग्लंडमधला हा घाट ताठ कापडात बसतच नाही.

म्हणून क्विल्टिंग कॉटन, म्हणजे गोधडीकामासाठीचं सुती कापड, मी शेवटी ठेवते. जुन्या नमुन्यांवरून केलेल्या छपाया त्यात छान मिळतात, रंगही टिकतो. पण पोत भरीव. माझ्या पहिल्या गाऊनच्या चुण्या कितीही धुतल्या तरी फुगलेल्याच राहिल्या, फार वाईट वाटलं होतं.

माझी पसंती सांगानेरीला, म्हणजे जयपूरजवळच्या सांगानेरच्या ठसेछपाईला. पांढऱ्या जमिनीवर सुटी सुटी लहान बुट्टी, लालसर तपकिरी किंवा निळी. त्या काळच्या दिवसा घालायच्या गाऊनला अगदी जवळची. कॅम्ब्रिक, म्हणजे मलमलीपेक्षा घट्ट विणीचं सुती कापड, घेतलं तर सोपं. मलमल पडते सुंदर, पण आरपार दिसते, चोळीला अस्तर आणि आत पेटीकोट हवाच. ठशांचीच छपाई हवी असा हट्ट नको. रोलर छपाईचं पेटंट थॉमस बेलने १७८३ मध्येच घेतलं होतं, तेव्हा एकसारखी यंत्राची बुट्टीही त्या काळाला शोभते. सोनेरी खडीकाम आणि हत्ती-मोर मात्र टाळा.

मछलीपट्टणमची कलमकारी मनाला ओढते, कारण युरोपला वेड लावणारी चीट, म्हणजे फुलाफुलांचं रंगीत सुती कापड, याच कोरोमंडल किनाऱ्यावरून जायची. पण मोठ्या फुलांच्या वेली अठराव्या शतकातल्या घेरदार पोशाखांना जास्त शोभतात. गडद जमिनीवर बारीक नक्षी मिळाली, तर कामकरी बाईच्या साध्या गाऊनला ती जरूर घ्या.

संध्याकाळच्या नृत्यासाठी शिवत असाल तर तिन्ही सोडा, साधी पांढरी मलमल घ्या.

दुकानात अर्धा मीटर कापड एका टोकाला बारीक चुण्या घालून चिमटीत धरा आणि बाकीचं खाली लोंबू द्या; सरळ पडलं तर घ्या, फुगलं तर नको. खळ असलेलं कापड फसवतं, म्हणून शक्य असेल तर आधी पाव मीटर आणून धुऊन बघा. ४४ इंच पन्ह्याचं, लांब बाह्यांसाठी साधारण पाच मीटर लागतं. बेतण्याआधी सगळं धुवा. कलमकारी वेगळी, पाणी स्वच्छ येईपर्यंत.