वजूसाठी तांब्याचा तोटीचा लोटा: तांबट आळीतली खरेदी आणि वर्षभराचा वापर

घरात चोवीस तास नळ असताना वजूसाठी, म्हणजे नमाजपूर्वी हात-तोंड-पाय धुण्यासाठी, लोटा कशाला, हा प्रश्न मला पुण्यात कोंढव्याला आमच्याच इमारतीत बऱ्याच जणींनी विचारला. प्रत्येकीला जिन्यात उभं राहून उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहावं म्हणून हा रिव्ह्यू. पैसे देऊन घेतलेली वस्तू आहे, वर्षभर रोजच्या वापरातली आहे, आणि घ्यावी असं माझं ठाम मत आहे. सगळ्यांनी नाही. कोणी घेऊ नये तेही पुढे सांगते.

आधी वस्तू. तांब्याचा, गोल पोटाचा, अरुंद गळ्याचा लोटा. एका बाजूला वर वळलेली तोटी, दुसऱ्या बाजूला पितळी मूठ, वर बिजागरीचं झाकण. गळ्यापर्यंत भरला की एक लिटर. रिकामा साधारण आठशे ग्रॅमचा, म्हणजे भरल्यावर पावणेदोन किलोच्या पुढे. अंगावर सगळीकडे मठारकाम, म्हणजे हातोडीने उठवलेले ते चकाकणारे खळगे. हे निव्वळ नक्षी म्हणून नसतं. मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून थोडं सांगते: तांबं मऊ असतं, ठोकलं की कठीण होतं. मठारलेला लोटा हातून पडला तर सहज पोचत नाही. माझा बाथरूमच्या फरशीवर पडलेला आहे, काठाला एक बारीक चरा गेला, बाकी शाबूत.

खरेदी कसबा पेठेतल्या तांबट आळीत केली. ऑनलाइन मागवलेला आधीचा एक लोटा तोटीच्या सांध्यातून पाझरायचा. डाख नीट बसला नव्हता, आणि परत घ्यायला विकणारा तयार नव्हता. तेव्हाच ठरवलं की आता करणाऱ्याच्या हातूनच घ्यायचं. तांबट आळीतले त्वष्टा कासार पेशवाईत कोकणातून पुण्यात आले. आम्हीही कोकणी मुसलमान, माहेर चिपळूणचं, त्यामुळे गप्पा लवकर जमल्या. ज्यांच्याकडून घेतला ते काका सत्तरीचे असतील. "काय करणार याचं, ताई? शोकेसला हवा का वापरायला?" हा त्यांचा पहिला प्रश्न. वजूला, म्हटल्यावर त्यांनी पुढे केलेला लोटा परत ठेवला आणि आतून दुसरा काढला, तोटी बारीक असलेला. "याची धार पेन्सिलीएवढी पडते. त्याची तोटी जाड होती, पाणी भसकन संपलं असतं." आतून कल्हई करून देता का विचारलं, तर म्हणाले, "नुसत्या पाण्याला कशाला? चिंच-कोकम घालून शिजवणार असाल तर कल्हई." काम नसताना पैसे न घेणारा दुकानदार मला आवडतो.

भाव वजनावर, मजुरी वेगळी. सासूबाईंचं बुडाला तडकलेलं घंगाळ माळ्यावर पडून होतं, ते मोडीत दिलं. मोड वजा जाऊन अकराशेच्या आसपास पडले. जुनं तांबं वितळवून पुन्हा पत्रा होतो आणि त्याचा कस कमी होत नाही, म्हणजे नव्या लोट्यासाठी तेवढी खाण कमी खोदावी लागते. प्लॅस्टिकचा मग पन्नास रुपयांत मिळतो, खरं आहे. तो दोन-तीन वर्षांत फुटून कचऱ्यात जातो. हा माझ्या नातवंडांपर्यंत जाईल.

आता मूळ मुद्दा, पाणी.

नळाखाली बादली ठेवून घरातल्या एकाला नेहमीसारखा वजू करायला सांगा. मी सांगितलं होतं, कोणाला ते लिहीत नाही. सहा लिटर भरलं. नळ मोठा सोडला नव्हता, वेळही फार लावला नव्हता. फक्त तोंडावर पाणी घेताना, कोपरापर्यंत हात चोळताना, डोक्यावरून मसह करताना नळ चालूच होता. मसह म्हणजे ओला हात फिरवणं, त्याला वाहत्या नळाचं कामच काय? लोट्याने तोच वजू, सगळे अवयव तीन-तीनदा धुऊन, एका लिटरात होतो आणि तळाशी थोडं उरतं. माणशी दर वजूला पाच लिटरचा फरक. दिवसाचे पाच वजू धरले तर पंचवीस लिटर. घरात चौघं असलो तर रोज शंभर लिटर, आणि तेही अशा भागात जिथे एप्रिल-मेमध्ये टँकरच्या शिट्टीवर बायकांचं वेळापत्रक ठरतं.

अल्लाहचे रसूल (प्रेषित मुहम्मद) सल्लल्लाहु अलैहि व सल्लम एका मुद्द (तेव्हाचं एक माप) पाण्यात वजू करत आणि एका साअपासून (चार मुद्द) पाच मुद्दांपर्यंतच्या पाण्यात गुस्ल, म्हणजे पूर्ण अंघोळ, असं त्यांचे सोबती हजरत अनस यांनी सांगितलेलं बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या (रसूलांच्या वचन-आचरणाच्या) दोन्ही संग्रहांत आहे. आमच्या शाफई पंथाच्या हिशेबाने मुद्द पाऊण लिटरच्या आत-बाहेर, हनफी पंथाच्या हिशेबाने थोडा जास्त. म्हणजे माझा हा लोटा सुन्नतपेक्षा अजून सैलच आहे. वाहत्या नदीकाठीसुद्धा वजूत इस्राफ (उधळपट्टी) होतो, ही इब्ने माजा या संग्रहातली रिवायत (कथन) तर सगळ्यांना तोंडपाठ असते. तिची सनद (सांगणाऱ्यांची साखळी) कमजोर असल्याचं बरेच मुहद्दिस, म्हणजे हदीसचे अभ्यासक, सांगतात, म्हणून मी सगळा भार तिच्यावर टाकत नाही. अनस यांची रिवायत पुरेशी आहे, आणि सूरह आराफमधली एकतिसावी आयत: खा, प्या, पण इस्राफ करू नका, अल्लाहला इस्राफ करणारे आवडत नाहीत. पिण्याच्या पाण्याला जो नियम, तो इबादतीच्या (उपासनेच्या) पाण्याला नसेल असं समजायला जागाच नाही.

नदीकाठचं उदाहरण पुण्यात तर फार जवळचं आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून सुमारे 29 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. त्यातूनच शहर पितं आणि त्यातूनच कालव्याने दौंड-इंदापूरकडची शेतं भिजतात. दर उन्हाळ्यात शहराला किती आणि शेतीला किती, यावर ओढाताण होते. आपण वापरून सोडलेलं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत जातं, आणि जसं खडकवासल्यातून निघालं तसं ते राहिलेलं नसतं. म्हणून माझ्या बेसिनमध्ये वाया गेलेले ते पाच लिटर माझे नव्हतेच. इंदापूरच्या एखाद्या ऊस न लावता ज्वारी करणाऱ्या माणसाचे असतील. आपल्याकडे बंद्याच्या (माणसाच्या) हक्काला किती वजन आहे हे वेगळं सांगायला नको: अल्लाहचा हक्क तो माफ करील, बंद्याचा हक्क बंद्यालाच फेडावा लागतो. वजू करून नमाजला उभं राहायचं आणि त्याच वजूत दुसऱ्याच्या वाट्याचं सांडून यायचं, हे मला सहन होत नाही.

वापराबद्दल. सुरुवातीला अडचण होते, कारण एक हात लोट्यात अडकतो. तोंड धुताना उजव्या तळहातात पाणी घ्यायचं, लोटा खाली ठेवायचा, मग दोन्ही हातांनी तोंड. हातांना सोपं: डाव्याने ओतत उजवा, उजव्याने ओतत डावा. खरी कसोटी पायांना. धार बारीक असल्याने पाणी घोट्यावरून पुढे बोटांकडे पळतं आणि टाच कोरडी राहू शकते, थंडीत भेगा असल्या तर नक्कीच. कोरड्या राहिलेल्या टाचांबद्दल हदीसमध्ये फार कडक ताकीद आहे, त्यामुळे पाणी वाचवताना तिथे कसूर चालणार नाही. मी पाय थोडा तिरपा करून टाचेच्या मागून धार सोडते आणि डाव्या करंगळीने बोटांच्या बेचक्यात फिरवते. घाई असली की हे जमत नाही, आणि हाच या लोट्याचा सगळ्यात मोठा गुण मला वाटतो. नळाखाली वजू मिनिटभरात उरकतो आणि मन स्वयंपाकघरात असतं. लोट्यात किती उरलंय हे हाताला वजनावरून कळत असतं, त्यामुळे लक्ष तिथेच ठेवावं लागतं. नफ्सला (मनाच्या ओढीला) आवर घालण्याच्या गोष्टी आपण बयानात (प्रवचनात) खूप ऐकतो. माझ्या मते आवर घालायची सुरुवात अशा रोजच्या, हाताने करायच्या छोट्या कामात होते. सूरह रअदच्या अकराव्या आयतीत अल्लाह म्हणतो की लोक स्वतःच्या आतलं बदलत नाहीत तोवर तो त्यांची हालत बदलत नाही. नदी सुधारणारे मोठे प्रकल्प सरकार करील तेव्हा करील; कोपरापर्यंतचा हात तर माझ्या ताब्यात आहे.

तोटी का हवी, साधा तांब्या का नको, असंही एकीने विचारलं. कारण उघड्या भांड्यात हात बुडवून पाणी घेतलं की भांड्यातलं ते थोडं पाणी वापरलेलं, म्हणजे वजूला न चालणारं, धरलं जातं का, या मसल्यात (धर्मनियमाच्या प्रश्नात) पडावं लागतं. तोटीतून ओतलं की प्रश्नच मिटतो.

पाय धुतलेलं पाणी मी घमेल्यात धरते. हे वापरलेलं पाणी पाकच (शुद्धच) असतं, फक्त त्याने पुन्हा वजू होत नाही. त्यात साबण नसतो, त्यामुळे झाडांना बिनधास्त चालतं. गॅलरीतला कढीपत्ता, गवती चहा आणि मिरचीची दोन रोपं यावरच जगली आहेत. मे महिन्यातसुद्धा मी त्यांना वेगळं पाणी घातलं नाही. पिकलेल्या लाल मिरच्या लालबुड्या बुलबुल येऊन खातात. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, हे मी सातवीच्या मुलांना शिकवते आणि आता खिडकीतून दाखवतेही. मुसलमानाने लावलेल्या झाडातून पक्षी, माणूस, जनावर जे खाईल तो त्याच्यासाठी सदका (दान), अशी हदीस आहे. म्हणून मी जाळी लावलेली नाही.

तक्रारी. तांबं काळवंडतं, विशेषतः आमच्याकडच्या टँकरच्या जड पाण्याने. चिंच-मीठ किंवा पितांबरी लावून आठवड्यातून एकदा घासावं लागतं, आणि तोटीच्या आत हात जात नाही. तिथे बाटली धुवायचा बारीक ब्रश लागतो, तो सोबत मिळत नाही. बोहरी आळीत सहज मिळेल. बिजागरी सैल होते, माझी एकदा ठोकून आणली, काकांनी पैसे घेतले नाहीत. हिवाळ्यात फजरला (पहाटेच्या नमाजला) तांबं इतकं गार असतं की हात लावताना जिवावर येतं, गरम पाणी भरलं तर मूठ तापते, मग फडकं धरावं लागतं. आणि वजन! आमच्या सासूबाईंना संधिवात आहे, त्यांना हा उचलत नाही. वयस्कर माणसांसाठी, मनगट दुखणाऱ्यांसाठी किंवा लहान मुलांसाठी हा लोटा घेऊ नका.

सासूबाईंसाठी आम्ही वेगळी सोय केली: स्टूल, आणि नळाच्या तोंडाला बसवायची फोम-फ्लोची जाळी, मिनिटाला तीन लिटर सोडणारी. शे-दीडशेत मिळते. घेताना आपल्या नळाचे आटे आतून आहेत की बाहेरून ते बघून जा, नाहीतर दुकानात दुसरी फेरी ठरलेली. जाळीत क्षार अडकून धार वाकडी व्हायला लागली की काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवायची. लोट्याइतकी बचत होत नाही, पण सासूबाईंचा वजू दोन-अडीच लिटरात होतो आणि त्यांना कोणाच्या हातावर अवलंबून राहावं लागत नाही.

हीच जाळी मशिदीच्या वजूखान्यात बसवावी, असं माझे मियाँ जवळच्या एका मशिदीच्या कमिटीसमोर बोलले. जुम्म्याला (शुक्रवारी) तिथे रांगेने नळ पूर्ण सोडून लोक शेजाऱ्याशी बोलत बसलेले असतात. कमिटीतल्या ज्येष्ठांचं म्हणणं पडलं की धार बारीक झाली तर गर्दीत रांग वाढेल. माझं उत्तर असं, की रांग बोलण्याने वाढते. शेवटी मोहल्ल्यातल्या पोरांनी वर्गणी काढून एका ओळीला जाळ्या बसवल्या, बाकीच्या तशाच आहेत. रमजानपूर्वी उरलेल्या व्हाव्यात म्हणून मी मागे लागले आहे.

लोटा घ्यायचा असेल तर तांबट आळीत सकाळी जा, दुपारी बरीच दुकानं बंद असतात. शोभेचा लाखेचा मुलामा दिलेला घेऊ नका, तो घासल्यावर पापुद्र्याने निघतो. एक लिटरपेक्षा मोठा घेऊ नका, भांडं मोठं असलं की हातही सैल होतो. आणि पैसे द्यायच्या आधी तिथेच गळ्यापर्यंत पाणी भरून, तोटीचा सांधा कोरड्या कागदाने पुसून, पाच मिनिटं ठेवून बघा. कागद पुन्हा लावल्यावर ओला झाला तर दुसरा मागा.