वॉशरूमच्या लाइनवरचं पल्स वॉटर मीटर: घ्या, पण १ लिटरवालंच

आमची ऑफिस बिल्डिंग पुण्यात, सगळ्यांना मिळून एकच मेन मीटर, त्यामुळे टँकरचं बिल वाढलं की पाणी नक्की मुरतंय कुठे ते कळायचंच नाही. शेवटी प्रत्येक मजल्याच्या डक्टमध्ये १५ एमएमची पल्सवाली मल्टीजेट मीटर (आतल्या चक्रावर अनेक बाजूंनी पाणी सोडून मोजणारी, ठरावीक लिटर गेले की एक इलेक्ट्रिक सिग्नल म्हणजे पल्स देणारी) टाकली, फ्लशच्या लाइनला वेगळं आणि बेसिनच्या लाइनला वेगळं. पैसे वसूल, अगदी ठामपणे सांगतो.

घेताना एक गोष्ट बघाच, एका पल्सला किती लिटर. दुकानदार १० लिटरवालं पुढे करत होता, म्हणे काही फरक पडत नाही साहेब. अहो पडतो ना! ड्युअल फ्लशचं छोटं बटण ३ लिटर, मोठं ६, मग १० लिटरला एक पल्स आल्यावर त्यातून काय कळणार? १ लिटरवाल्यात, लॉगर (पल्स मोजून साठवणारा डबा) दर मिनिटाला नोंद घेत असेल तर, गर्दी नसताना एकेक फ्लश सुटा दिसतो. आमच्याकडे ६ लिटर लिहिलेली टाकी प्रत्यक्षात ८-९ लिटर ओढत होती कारण फ्लोट वर सेट केलेला, नुसता स्क्रू फिरवून खाली घेतला आणि काम झालं.

खरी मजा रात्रीच्या आकड्यात आहे. ऑफिस बंद झालं की मीटर थांबायला हवं, पण तिसऱ्या मजल्यावर मिनिटाला साधारण अर्धा लिटर चालूच, म्हणजे दिवसाला ७२० लिटर!! आवाज नाही, ओल नाही, कमोडच्या आत मागच्या बाजूला कोरडा टिश्यू चिकटवला तर लगेच भिजला. टाकीतला रबर वॉशर कडक झालेला, बास.

आता उणी बाजू. आमच्यासारखं क्लास बी (हा अचूकतेचा दर्जा) मीटर तासाला ३० लिटरच्या खालचं नीट मोजत नाही, त्यामुळे थेंब थेंब गळणारा नळ सुटतो, तिथे टाकीत खायचा रंग टाकून बघणं किंवा नळाखाली मोजायचा मग धरून स्टॉपवॉच लावणं हेच बरं. मीटरच्या आधी जाळी हवीच, आमच्या ओव्हरहेड टाकीतला गाळ बघता ती वरचेवर साफ करावी लागते. पाइप न कापता वरून लावायचं, ध्वनिलहरींनी मोजणारं अल्ट्रासॉनिक मीटरही भाड्याने आणून बघितलं, मेन लाइनला छान, पण जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला आतून गंज, सिग्नलच धड मिळेना. प्लंबरकडून दोन्ही बाजूंना कॉक आणि युनियन (खोलता येणारा जोड) टाकून घ्या, नाहीतर मीटर काढायचं म्हटलं की अख्ख्या मजल्याचं पाणी बंद.